खाणीच्या भिंतीला कचरा टेकवण्याआधी

दगडखाण संपली की उरलेला खड्डा शहराला कचऱ्यासाठी आयताच मिळतो. बंगळुरूजवळच्या मित्तगानहळ्ळीच्या खाणीत असाच कचरा गेला. अशा ठिकाणी तळाची चर्चा होते; भिंतीबद्दल मात्र ‘कातळच तो, कुठे जातोय?’ असं म्हणून विषय मिटवतात. पण कातळ जातो, आणि जातो तो आपल्याच भेगांवरून.

भेगांचा झुकाव

दगड किती टणक, हा प्रश्न इथे दुय्यम. भूशास्त्रज्ञ आधी प्रत्येक भेग किती अंशांनी आणि कोणत्या दिशेला उतरते ते मोजतो. समजा, भिंत ७५ अंशांत कापली आहे आणि एक भेग खड्ड्याकडेच ५० अंशांनी उतरते. भेगेचा घर्षणकोन, म्हणजे ज्या उतारावर वरचा दगड सरकू लागतो तो कोन, आहे ३५. भेग भिंतीपेक्षा कमी उताराची, म्हणून तिचं खालचं टोक भिंतीत उघडं पडतं; घर्षणकोनापेक्षा मात्र जास्त उताराची, म्हणून वरचा ठोकळा घसरतो. हीच भेग २५ अंशांची असती, तर कोरड्यात तो जागीच राहिला असता.

घर्षणकोनाची ढोबळ चाचणी अगदी साधी आहे. दगडाचे दोन कापीव तुकडे एकमेकांवर ठेवून खालचा हळूहळू कलता करायचा. वरचा सरकला, तो कोन. खडबडीत भेगेत तो वाढतो, चिकणमाती भरलेल्या भेगेत बराच घटतो.

दख्खनच्या बेसॉल्टची तऱ्हा वेगळी. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे उभे खांब असतील, तर ते पुढे कलंडण्याची भीती. दोन लाव्हाथरांमधला तांबडा मऊ थर झिजला, तर वरचे खांब अधांतरीच!

पाणी

भिंतीमागची १० मीटर खोल उभी भेग पाण्याने भरली, तर दर मीटर रुंदीमागे सुमारे ५० टनांचा रेटा बसतो. नुसत्या उन्हाळ्यातल्या पाहणीवर म्हणूनच विसंबू नये.

अस्तराची अडचण

घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांत ९० सेंटिमीटर मातीचा थर आणि त्यावर १.५ मिलिमीटर एचडीपीई प्लास्टिकचं अस्तर सांगितलं होतं. उभ्या कातळावर ही माती थापून राहत नाही; भिंत टप्प्याटप्प्याने कापावी लागते किंवा वेगळी रचना करावी लागते. रस्त्याकडेचा कातळ थोडा हलला तर एक वेळ चालतं, इथे तेवढ्यानेही अस्तर फाटू शकतं.

कचरा चढला की पायथ्याला टेकू मिळतो, हे खरं. पण कचरा कुजतो, खाली बसतो. त्या टेकूच्या भरवशावर गणित मांडू नये. शिवाय खड्डा भरेपर्यंतची कित्येक वर्षं डंपर आणि माणसं उघड्या भिंतीखालीच असतात. त्यामुळे सुटे दगड पाडणं, बोल्ट मारणं, जाळी बसवणं ही कामं पहिली गाडी आत येण्याआधीच उरकायला हवीत.