शपथ

शपथ : आपले कथन सत्य आहे किंवा दिलेले वचन आपण पाळू, याची हमी म्हणून देवता, धर्मग्रंथ अथवा प्रिय व्यक्ती यांना साक्ष ठेवून केलेले गंभीर विधान. घडून गेलेल्या गोष्टीविषयीची व पुढील वर्तनाविषयीची, असे तिचे दोन प्रमुख प्रकार होत. साक्षीदाराची शपथ पहिल्या प्रकारात, तर मंत्री, न्यायाधीश इत्यादींची पदाची शपथ दुसऱ्या प्रकारात मोडते. मराठीत ‘आण’, ‘आणभाक’, ‘क्रिया’ हे शब्दही या अर्थी रूढ आहेत. शपथ मोडणाऱ्यास देवता शासन करील किंवा ज्याची शपथ घेतली त्याचे अनिष्ट होईल, ही समजूत तिच्या मुळाशी असते.

साक्षीदार नसलेल्या वादात शपथेने सत्य जाणावे, असे मनुस्मृतीत (अध्याय ८) सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार लेख, भुक्ती (उपभोग) व साक्षी यांच्या अभावी दिव्याचा आश्रय घ्यावयाचा असून तुला, अग्नी, जल, विष व कोश ही पाच दिव्ये तीत येतात. मराठा अंमलात शंकराचा बेल व खंडोबाचा भंडारा हाती घेऊन शपथ घेत. तिला ‘बेलभंडार उचलणे’ म्हणत. वतनाच्या वादात इतर पुरावा अपुरा पडल्यास रवादिव्य करवीत. त्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढावा लागे. नंतर हात बांधून मोहोरबंद करीत व तो भाजला की नाही, यावरून निवाडा होई.

इस्लामी न्यायशास्त्रानुसार वादीने पुरावा द्यावा. तो नसल्यास प्रतिवादीने शपथेवर आरोप नाकारावा. मोगल व निजामी अंमलाखालील औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर) परिसरातील लोकव्यवहारात या दोन्ही परंपरा शेजारी नांदल्या.

ब्रिटिश अंमलात हिंदू साक्षीदारास गंगाजलावर व मुसलमानास कुराणावर शपथ देत. १८४० च्या कायद्याने तिच्या जागी दृढकथन आणले. तथापि १८७३ च्या शपथ अधिनियमात जुन्या कल्पनेचा अंश उरला होता. प्रतिपक्षाने विशिष्ट शपथ घेतल्यास त्याचे म्हणणे आपण मान्य करू, असे एखाद्या पक्षकाराने म्हटले व प्रतिपक्षाने ती शपथ घेतली, तर तिच्यावरील कथन म्हणणाऱ्यावर निर्णायक पुरावा म्हणून बंधनकारक होई. शपथ नाकारणाऱ्यावर मात्र सक्ती करता येत नसे.

१९६९ च्या शपथ अधिनियमाने ही तरतूद वगळली. साक्षीदारास ईश्वराच्या नावाने शपथ घेता येते किंवा ईश्वराचा उल्लेख न करता दृढकथन करता येते; दोन्हींचे बंधन सारखेच. सत्य बोलण्याचे कर्तव्य कळते पण शपथेचे स्वरूप कळत नाही, अशा बारा वर्षांखालील मुलाची साक्ष शपथेवाचून घेता येते. शपथ देण्यात चूक राहिली, तरी साक्ष बाद होत नाही. न्यायिक कार्यवाहीत जाणूनबुजून खोटी साक्ष दिल्यास भारतीय न्याय संहितेनुसार (१ जुलै २०२४ पासून अंमल) सात वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या, छत्रपती संभाजीनगर येथे १९८१ मध्ये सुरू झालेल्या खंडपीठापुढे येणाऱ्या शपथपत्रांनाही हेच बंधन लागू आहे.

पूर्वी शपथ वादाचा निर्णय करीत असे. आता ती केवळ बोलणाऱ्यास बांधते आणि त्याचे बोलणे खरे की खोटे, हे उलटतपासणीने व इतर पुराव्याने ठरते. गावच्या देवळात शपथ घेण्याचे आव्हान आजही दिले जाते. त्याला लोकमताचे बळ असते, परंतु निवाड्याचा अधिकार नसतो.