घाटाचा उतार आणि मागची दोन टनांची ट्रॉली

लग्नाच्या मांडवात शेरवानी, गजरे आणि बिर्याणीची देग यांच्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. मांडवामागे धडधडणाऱ्या जनरेटरकडे कोणी पाहत नाही, आणि तो तिथे कसा पोहोचला हे तर कोणी विचारतही नाही. आमच्या घराची रोजीरोटी मात्र त्याच जनरेटरवर आहे. चिपळूणजवळच्या गावात मांडव, लाइट आणि जनरेटर भाड्याने देण्याचा आमचा धंदा आजोबांपासून चालत आला आहे. जनरेटर ६२ केव्हीएचा, दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला. ती ट्रॉली ओढायला एक जुनी डिझेल पिकअप. गाडी म्हातारी, पण हाक मारली की उठणारी. तिच्यावर आमचा भरवसा होता, आणि खरे सांगायचे तर भरवशापेक्षा सवयच जास्त होती.

ही हकीगत लिहिण्याचे कारण असे की आमच्यासारखी कितीतरी घरे आहेत. कोणाचा मांडव, कोणाची वेल्डिंगची मशीन, कोणाचा कॉंक्रीट मिक्सर, कोणाची विटांची ट्रॉली. घरातला मुलगा किंवा भाऊ जुन्या गाडीच्या मागे वजन लावून घाट उतरतो, आणि आपण घरी जेवण झाकून त्याची वाट पाहतो. ट्रॉलीबद्दल त्याला काय माहीत आहे, हे आपण कधी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

त्या पहाटेची गोष्ट

पाटणच्या पुढे एका निकाहचे काम होते. अब्बा, थोरले भाईजान आणि आमच्या जुन्या कामगाराचा एकोणीस वर्षांचा मुलगा असे तिघे गेले होते. काम रात्री उशिरा संपले. सामान आवरून तिघे निघाले, हेळवाकला थांबून फज्र अदा केली आणि कुंभार्ली घाट उतरायला लागले.

आता एक गोष्ट लाज वाटली तरी सांगितली पाहिजे. परतीच्या प्रवासात तो मुलगा नेहमी ट्रॉलीवर, जनरेटरच्या बाजूला घडी केलेल्या ताडपत्रीवर आडवा होत असे. केबिनमध्ये अवघडून बसण्यापेक्षा त्याला ते बरे वाटे, आणि आम्हाला त्यात काही वावगे दिसत नव्हते. त्या पहाटे थंडी फार होती, म्हणून अब्बा त्याला म्हणाले, ‘‘आज आत बस रे, गारठशील.’’ यात आमची दूरदृष्टी काही नव्हती. कारण फक्त थंडीचे होते.

उतार लागला तसे भाईजाननी गाडी न्यूट्रल केली. डिझेल वाचते, असे त्यांनी गाडी शिकताना ऐकले होते आणि वीस वर्षे तेच करत आले होते. गाडी पळायला लागली की ब्रेक, सोडला की पुन्हा पळणार, पुन्हा ब्रेक. काही वळणे गेली आणि जळका वास यायला लागला. पुढच्या वळणावर पाय ठेवला तर पेडल मऊ लागले. त्याच्या पुढच्या वळणावर ते फळीलाच जाऊन टेकले.

भाईजाननी गिअर टाकायचा प्रयत्न केला, पण त्या वेगात गिअर पडेना. मागून दोन टनांची ट्रॉली ढकलत होती. अब्बा ओरडले, ‘‘डोंगराकडे घे!’’ भाईजाननी हँडब्रेक ओढत गाडी दरीपासून लांब, डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. मुरमाच्या ढिगाऱ्यात नाक खुपसून गाडी थांबली. ट्रॉली थांबली नाही. ती आडवी फिरली, हुकाची पिन तुटली आणि जनरेटरसकट कलंडून ती कठड्याला जाऊन लागली. जनरेटरच्या ज्या बाजूला ताडपत्री होती, तीच बाजू खाली आली होती.

अल्लाहच्या मेहेरबानीने तिघांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. समोरून गाडी येत नव्हती, हीसुद्धा त्याचीच मेहेरबानी. भाईजान सांगतात, तो मुलगा खाली उतरला, ट्रॉलीखाली दबलेल्या ताडपत्रीकडे बराच वेळ पाहत राहिला आणि एक शब्द बोलला नाही.

मिस्त्री चाचांनी काय दाखवले

गाडी ओढून आणल्यावर मिस्त्री चाचांनी चाके खोलली. ब्रेकचे लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले होते आणि ड्रमवर निळसर झाक आली होती. ब्रेक ऑइलचा रंग कडक चहासारखा. ‘‘हे शेवटचे कधी बदलले?’’ त्यांनी विचारले. आम्हाला आठवेना. चार पावसाळे तर नक्कीच झाले होते.

चाचांनी मग आम्हाला जे समजावले, ते सोपे आहे आणि प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

गाडी घाट चढते तेव्हा इंजिन वजन वर नेते. उतरताना तेच वजन खाली यायला पाहते आणि त्याची सगळी ताकद कुठेतरी जिरवावी लागते. आम्ही नंतर पिकअप, सामान आणि ट्रॉली वजनकाट्यावर नेली. आयुष्यात पहिल्यांदाच. सगळे मिळून साडेचार टन भरले. कुंभार्लीचा उतार सहाशे मीटरच्या आसपास धरला, तर एवढे वजन खाली आणताना जी उष्णता तयार होते, तिच्यात ऐंशी लिटर पाणी उकळेल. वलीम्याच्या मोठ्या देगीखाली जेवढा जाळ लागतो, तसा जाळ आम्ही गाडीच्या चार ड्रमांत पेटवला होता. ट्रॉलीला तर स्वतःचा ब्रेकच नव्हता. तिचा भारही पिकअपच्याच ब्रेकवर.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. साधे डॉट ३ जातीचे ऑइल नवे असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेले तेच ऑइल १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. आणि आपल्या कोकणात ओलाव्याला काय तोटा! ऑइल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ लागते आणि जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. भाईजानच्या पायाखाली त्या पहाटे हेच घडले.

मग चाचांनी डिझेलची गोष्ट काढली, आणि भाईजानची मान खाली गेली. उतारावर गाडी गिअरमध्ये असेल आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला असेल, तर चाकेच इंजिनाला फिरवतात. तेव्हा डिझेलचा पंप इंजिनात डिझेल सोडतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला चालू राहायला डिझेल लागत राहते. म्हणजे वीस वर्षे जे वाचवतो असे वाटत होते, ते वाचत नव्हतेच. काही जण तर उतारावर इंजिन बंदच करतात. ते आणखी वाईट. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिन फिरते तोवरच तयार होतो. इंजिन बंद झाले की दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंत तो संपतो, आणि मग पेडल दगडासारखे होते.

आम्ही घालून घेतलेले नियम

त्या दिवसापासून आमच्या घरात काही गोष्टी ठरल्या. कोणाच्या उपयोगी पडतील म्हणून इथे देतो.

चढताना जो गिअर लागतो, तोच गिअर उतरताना. मागे ट्रॉली असेल तर त्याहून एक खालचा. गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा, वेग वाढल्यावर तो पडत नाही. ब्रेकवर पाय ठेवून बसायचे नाही. ठाम दाबून वेग कमी करायचा आणि पाय पूर्ण काढायचा, म्हणजे ड्रमला थंड व्हायला वेळ मिळतो. वास आला की सुरक्षित जागी थांबायचे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचे नाही, तो तडकू शकतो.

वजन ट्रॉलीच्या कोणत्या भागात आहे, यावरही बरेच अवलंबून असते. दोन चाकांच्या ट्रॉलीचे साधारण दहा टक्के वजन हुकावर यायला हवे. आमच्या ट्रॉलीचे दोन टन, म्हणजे हुकावर दोनशे किलो. आम्ही केबलची जड रिळे ट्रॉलीच्या मागच्या टोकाला टाकत होतो. त्यामुळे हुकावरचा भार हलका होई आणि ट्रॉली शेपटीसारखी हलायची. भाईजान त्याला रस्त्याचा दोष म्हणत. भार मोजायचा असेल तर ट्रॉली सोडवून तिचे फक्त पुढचे टेकूचे चाक वजनकाट्यावर ठेवावे. ट्रॉली हलायला लागलीच तर घाबरून जोरात ब्रेक मारू नये आणि वेगही वाढवू नये. स्टिअरिंग सरळ धरावे आणि ॲक्सिलरेटर हळू सोडावा.

हुकाच्या पिनेला लॉक, आणि त्याखाली दोन साखळ्या फुलीसारख्या आडव्या. पिन तुटलीच तर ट्रॉलीचे नाक रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत राहते. आमच्याकडे साखळी असती तर ट्रॉली सुटून कठड्यापर्यंत गेली नसती. तिथे कठडा होता म्हणून ती दरीत गेली नाही.

ट्रॉलीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण ती बराच काळ उभीच असते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. आमच्या ट्रॉलीचे टायर नक्षी पाहून नवे वाटत होते, पण कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. ते बदलले. चाकांच्या बेअरिंगला ग्रीस, मागचे दिवे, लाल रिफ्लेक्टर ही कामे आता सीझन सुरू होण्याआधीच होतात. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी.

चढावर थांबावे लागले तर क्लचवर गाडी तोलून धरायची नाही. हँडब्रेक, आणि चाकाखाली लाकडी ठोकळा. ठोकळा नसल्यास दगड, पण निघताना तो दगड उचलून बाजूला ठेवायचा. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणे हा सदका आहे, हे आपण लहानपणापासून शिकतो. आपणच ती रस्त्यात टाकून निघून गेलो तर त्याला काय म्हणायचे?

कागदपत्रांचेही तसेच. ट्रॉलीची आरटीओकडे नोंदणी लागते आणि विम्यात तिचा उल्लेख असावा लागतो. मर्यादेपेक्षा जास्त वजन भरले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये. पण दंडाची भीती ही शेवटची गोष्ट आहे. पहिली गोष्ट ट्रॉलीवर झोपणाऱ्या मुलाची.

अमानत

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलाची आई आमच्या घरी आली. रागावेल, ओरडेल, असे आम्हाला वाटले होते. ती अम्मीजवळ बसली, चहा घेतला आणि उठताना एवढेच विचारले, ‘‘उद्यापासून त्याला पाठवू ना कामावर?’’ अब्बा दारात उभे होते. त्यांना उत्तर देता येईना. परक्याचा मुलगा आपल्या भरवशावर घराबाहेर पडतो, तो अमानत असतो. ती अमानत आम्ही एका ताडपत्रीवर ठेवत आलो होतो.

शेवटी अब्बा म्हणाले, ‘‘पाठवा. पण गाडी नीट होईपर्यंत तो घरच्या गोदामात काम करील. पगार पूर्ण मिळेल.’’

त्या सीझनची चार कामे आम्ही सोडली. दुरुस्तीचा खर्च झाला तो वेगळा. आता घाटापलीकडचे काम आले की जनरेटर कराडकडच्या धंदेवाल्याकडूनच घेतो आणि आपली माणसे, दिवे व केबल तेवढी घेऊन जातो. नफा निम्म्यावर आला. सुरुवातीला भाईजान कुरकुरले. अब्बा त्यांना म्हणाले, ‘‘निम्म्या नफ्यात घर चालते. माणूस निम्मा घरी आला तर चालत नाही.’’

सफरची दुआ आमच्या गाडीत पूर्वीही पढली जायची, आताही पढली जाते. फरक इतकाच की उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचा, ही शिकवण आम्ही ऐकून होतो, आता ती पिनेला आणि साखळीला लागू केली आहे.

तो मुलगा आजही आमच्याकडे आहे. सपाट रस्त्यावरच्या कामाला ट्रॉली जोडली की तोच पहिल्यांदा गाडीभोवती फेरी मारतो. पिन, साखळी, टायर, दिवे, सगळे हात लावून बघतो. भाईजान घाईत असले तरी तो हात वर करत नाही तोवर गाडी हलत नाही. मग तो केबिनचे दार उघडतो आणि आत बसतो.