फेस, साखळी आणि पाणी

माण तालुक्यातील आमच्या गावी हंडाभर पाणी मैलभरावरून आणावे लागे. त्यामुळे डोके धुणे आठवड्यातून एकदाच. आई शिकेकाईच्या काढ्यात भिजलेली मेथी व जास्वंदीची पाने कुस्करून घाली. फेस थोडा, पण थोड्या पाण्यात केस मोकळे होत. असे का, हे विचारण्याचे तेव्हा सुचले नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर, नोकरी बँकेत कारकुनाची. परंतु सांगलीला रसायनशास्त्र शिकणाऱ्या भाच्याने जे समजावले, ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावेसे वाटते.

शिकेकाई, रिठा, साबण, शांपू यांच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढते, दुसरे तेलाकडे. पाण्यात हे रेणू वाढले की एका मर्यादेला ते तेलाकडची टोके आत घेऊन पुंजके करतात. यांना मायसेल म्हणतात. तेलकट मळ त्यांत अडकून वाहून जातो. शांपूतील सोडियम लॉरिल सल्फेटची ही मर्यादा लिटरला सुमारे २.३ ग्रॅम आहे.

मेथी-जास्वंदीचा बुळबुळीतपणा वेगळा. तेथे शर्करेच्या कड्यांची लांब साखळी असते, म्हणजेच पॉलिमर.

ही दोन्ही द्रव्ये एकत्र आली तर? पाण्यात पॉलिइथिलीन ऑक्साइड हे पॉलिमर असेल, तर सल्फेटचे पुंजके जवळजवळ निम्म्या प्रमाणातच बनू लागतात आणि दोऱ्यात मणी ओवावेत तसे साखळीवर बसतात. साखळी भरल्यावर मोकळे पुंजके तयार होतात.

पॉलिमरवर धन व शांपूवर ऋण भार असल्यास ओढ फारच जबर. डोक्यावर पाणी ओतून शांपू पातळ झाला की ही जोडी पाण्यातून वेगळी होऊन केसांवर पातळ थर धरते. केस मऊ लागतात ते त्यामुळे. आईच्या मेथीच्या साखळीवर असा भार नसतो. तिची ओढ सौम्य, पण ती केस निसरडे करते, गुंता सुटतो.

तात्पर्य, फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. पुरेशा मापापुढे पावडर ओतली तर धुलाई त्या मानाने वाढत नाही. फेस काढायला पाणी मात्र जादा जाते. माण-खटाव, जत-आटपाडीच्या माणसाला त्या पाण्याची किंमत सांगायला नको. पुढच्या धुण्याला माप थोडे कमी करून पाहावे, कपडे तितकेच निघाले तर पैसा वाचला आणि पाणीही.