वाघाच्या घरचे पाहुणे

ज्याच्या डरकाळीनें रान हादरतें, त्या वाघाच्याहि देहांत बिनबोलाविलेले पाहुणे नांदत असतात. कातडीवर गोचीड, आंतड्यांत जंत आणि फुप्फुसांत पानासारखे चपटे कृमि! या कृमींच्या एका जातीचें वर्णन १८७८ सालीं प्रथम झालें, तें ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयांत मेलेल्या वाघावरून.

वनांत वैद्य नाहीं. मग वाघ तगतो कसा? कांटेरी जिभेनें तो अंग चाटून साफ ठेवतो. मधूनमधून गवतहि खातो. त्यायोगें जंत बाहेर पडतात, असें कांहीं शास्त्रज्ञ मानतात. परंतु त्याची खरी भिस्त शरीराच्या प्रतिकारशक्तीवर. ती पाहुण्यांना घालवीत नाहीं, मर्यादेंत ठेवते. भक्ष्य पोटभर मिळालें कीं यजमान आणि पाहुणे दोघेहि जगतात.

हा समतोल ढळला म्हणजे काय होतें, तें वाघाच्या जातभाईंनीं दाखविलें. २०१८ सालीं गीरच्या अरण्यांत थोड्याच दिवसांत वीसहून अधिक सिंह दगावले. कांहींच्या शरीरांत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाचे विषाणु, तर कांहींच्या रक्तांत गोचिडांनीं पसरविलेले जंतु आढळले. डिस्टेंपर प्रतिकारशक्ति खच्ची करतो. मग नित्याचा पाहुणाच काळ ठरतो.

म्हणून अरण्य आणि भक्ष्य राखणें, रानाकांठच्या गांवांतील कुत्र्यांना लस टोंचणें, हेंच वाघाचें खरें औषध होय.