ट्रॅक्टरच्या इंजिनातला ठोका



गळीत हंगामात ट्रॅक्टरला उसंत नसते. फडातून वजनकाट्यावर आणि रिकाम्या ट्रॉल्या घेऊन पुन्हा फडात, असे चक्र रात्रंदिवस चालते. अशा वेळी इंजिनातून काही वेगळाच ठोका ऐकू येऊ लागला, की ड्रायव्हर म्हणतो, "मालक, गाडी ओढतीय की, हंगाम संपल्यावर बघू." मालकालाही ते ऐकायला बरेच वाटते! पण काही आवाज हंगामभर थांबतात, तर काही पुढच्या फाट्यापर्यंतही थांबत नाहीत. कोणता कसला, हे बऱ्याच अंशी कानाने ओळखता येते.

डिझेल इंजिन मुळातच खडखडणारे. त्यात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारले की ते आपोआप पेटते. फवारा सुरू होणे आणि पेट घेणे यांत क्षणभराचा उशीर होतो, तेवढ्यात साठलेले डिझेल एकदम भडकते आणि ठोका बसतो. थंडीच्या पहाटे हा उशीर वाढतो, म्हणून आवाजही वाढतो. इंजिन तापल्यावर तो उतरला तर घाबरू नये. भरलेल्या ट्रॉल्या चढावर मोठ्या गिअरमध्ये ओढल्या तरी इंजिन दबून ठोकते. तिथे गिअर उतरवावा, मिस्त्री बोलावू नये.

आवाज नवा असेल तर आधी ऑईल. इंजिन बंद करून, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून दहा मिनिटांनी पट्टी काढून पाहावी. ऑईल कमी असेल तर कारण समोरच आहे. पण पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. पंपातून डिझेल गळून ऑईलमध्ये मिसळत असेल. असे पातळ ऑईल बेअरिंगला आधार देत नाही. चालू इंजिनात ऑईल प्रेशरचा काटा खाली बसला किंवा लाल दिवा लागला, तर तिथेच चावी बंद करावी.

ऑईल ठीक असेल तर आवाजाची जागा शोधावी. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाशी धरली की जागा बरीच कळते. पंखा आणि पट्ट्यापासून उपरणे, बाही सांभाळा. वरून, झाकणाखालून बारीक टिकटिक येत असेल आणि ओझ्याने फरक पडत नसेल, तर बहुधा टॅपेट सैल आहे. काम लहान, पण करून घ्यावे. खालून घण बसल्यासारखा जड आवाज ओझ्यावर वाढत असेल, तर क्रँकच्या मुख्य बेअरिंगचा संशय घ्यावा. रेस वाढवून सोडताना खडखड होत असेल, तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग.

नोझल बिघडले तरी तसाच कडक ठोका येतो आणि इथेच पुष्कळ जण फसतात. जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनात फिटर एकेका नोझलच्या पाइपाचा नट थोडा सैल करून पाहतो. ज्या सिलिंडरचे डिझेल तोडल्यावर ठोका कमी होतो, तिथे दोष. पण एवढ्याने नोझल की बेअरिंग हे ठरत नाही, कारण दोन्ही आवाज कमी होतात. म्हणून ते नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहायला सांगावे. ठोका नोझलबरोबर सरकला तर दोष नोझलचा. जागीच राहिला तर इंजिन उघडावे लागेल.

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. तेव्हापासून कॉमन रेल पद्धतीची इंजिने गावोगाव आली आहेत. त्यांचा पाइप चालू इंजिनात कधीही सैल करू नये. त्यातली डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली, तरी माणसाला तडक दवाखान्यात न्यावे. अशी इंजिने कंपनीच्या यंत्रावरच तपासावीत.

बेअरिंगचा संशय आला की ट्रॅक्टर गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये, ओढून न्यावा. वेळीच थांबले तर पुष्कळदा बेअरिंग बदलून भागते. तसेच रेटले तर क्रँक ओरखडते, मग ती घासून कमी मापाची बेअरिंगे बसवावी लागतात. आणि रॉड तुटलाच तर तो ब्लॉक फोडून बाहेर येतो. ट्रॉल्या मात्र रस्त्यात ठेवू नका, दुसरा ट्रॅक्टर जोडून काट्यावर आणा. तोडलेला ऊस उन्हात वजन आणि साखर दोन्ही गमावतो आणि वजनातली घट तुमच्याच बिलात येते.

इंजिन उघडण्याआधी फिटरला ऑईल स्वच्छ घमेल्यात काढायला सांगा आणि स्वतः हजर राहा. तळाशी चकाकणारा कीस दिसला तर त्यावरून लोहचुंबक फिरवावा. चिकटला तर लोखंड झिजले आहे. न चिकटणारा रुपेरी किंवा तांबूस कीस असेल तर बेअरिंगच गेले असण्याचा संभव अधिक.