फितीवरचा जालना जिल्हा आणि घरचा संगणक

१ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पुढच्याच वर्षी, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने, देशात रंगीत दूरचित्रवाणीचे पर्व सुरू होऊन त्यापाठोपाठ व्हीसीआर हे यंत्र शहरांतून तालुक्यांपर्यंत पोहोचू लागले. त्यामुळे या जिल्ह्याच्या पहिल्या दोन दशकांतील घरगुती जीवनाचे हलते चित्र, म्हणजे जालन्यातील वराती, जांब समर्थ येथील रामनवमी, राजूरच्या गणपतीची यात्रा यांसारख्या प्रसंगांचे चित्रण, ज्या कुणी त्या काळी केले असेल त्यांच्याकडे ते प्रामुख्याने व्हीएचएस कॅसेटवरच असणार. या कॅसेट संगणकावर उतरवण्याचे काम आता लांबणीवर टाकण्यासारखे राहिलेले नाही, कारण फितीच्याही आधी ती वाचणारे यंत्र नाहीसे होत आहे. जपानच्या फुनाई या अखेरच्या उत्पादक कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले आणि तेव्हापासून नवे यंत्र कोठेही तयार होत नाही.

ही फीत वाचली कशी जाते, हे समजल्याशिवाय उत्तम प्रत निघत नाही. अर्धा इंच रुंदीची फीत व्हीसीआरमध्ये सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. एवढ्या संथ गतीने चित्राचा संदेश नोंदवणे अशक्य असल्यामुळे ६२ मिलिमीटर व्यासाचा एक तिरपा ड्रम सेकंदाला २५ फेरे घेत फितीवरून फिरतो आणि त्यावर समोरासमोर बसवलेली दोन हेड फितीवर एकापाठोपाठ एक तिरके पट्टे आखत जातात. फीत आणि हेड यांच्यातील सापेक्ष वेग त्यामुळे सेकंदाला सुमारे ४.८७ मीटर होतो. एका पट्ट्यात एक फील्ड, म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळींचा संच, मावतो; अशा दोन फील्डांची एक फ्रेम होते आणि सेकंदाला २५ फ्रेम म्हणजेच ५० फील्ड पडद्यावर येतात. त्या काळातील ही रचना आजही थक्क करणारी आहे आणि ‘हेड घाण झाला’ की पडद्यावर मुंग्या का येतात, याचे उत्तरही तिच्यातच आहे.

खरी अडचण वेळेची असते. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत चित्राची प्रत्येक ओळ ६४ मायक्रोसेकंदांत पूर्ण व्हावी लागते, परंतु जुनी फीत ताणलेली असते, रबरी पट्टे सैल झालेले असतात आणि ओळी क्षणाक्षणाला लांब-आखूड होतात. जुन्या दूरचित्रवाणी संचाची चित्रनलिका ही डगमग बऱ्याच अंशी सांभाळून घेत असे. संगणकाला जोडलेले स्वस्त कॅप्चर उपकरण मात्र गोंधळून फ्रेम सोडून देते आणि तासाभरानंतर ओठ एकीकडे तर आवाज दुसरीकडे, अशी स्थिती होते. यावरचा उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर, जो चित्राच्या ओळी आधी स्मृतीत साठवतो आणि मग ठरलेल्या तालावर पुढे पाठवतो. काही उच्च दर्जाच्या व्हीसीआरमध्ये तो अंतर्भूत असतो, आणि ज्याला एकाच वस्तूवर खर्च करणे शक्य आहे त्याने महागड्या संगणकापेक्षा तो यावरच करावा. अलीकडे व्हीएचएस-डीकोड नावाच्या मुक्त आज्ञावलीने याही पुढची वाट दाखवली आहे: हेडवरून येणारा मूळ रेडिओ-संदेशच साठवायचा आणि व्हीसीआरची बाकीची सर्व कामे नंतर संगणकाकडून करून घ्यायची.

दूरचित्रवाणीवरून थेट नोंदणी करण्याचा भाग तुलनेने थोडक्यात आटोपतो. संगणकात बसवायची जुनी ट्यूनर कार्डे अॅनालॉग प्रक्षेपणासाठी होती आणि ते प्रक्षेपण दूरदर्शनने जवळजवळ सर्वत्र बंद केले आहे; आता सेट-टॉप बॉक्सच्या पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या जोडण्यांमधून संदेश घ्यावा लागतो. मात्र जुन्या काळी दूरदर्शनवरून घरी भरून घेतलेल्या कॅसेटचे मोल वेगळे आहे, कारण सुरुवातीच्या काळात दूरदर्शन केंद्रांत महागड्या फिती पुसून पुन्हा वापरल्या जात आणि कार्यक्रम कायमचे नाहीसे होत. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे मॅरियन स्टोक्स यांनी तीन दशकांहून अधिक काळ अखंड नोंदवलेल्या सुमारे ७०,००० कॅसेट आज संशोधकांना उपयोगी पडत आहेत. म्हणून रविवारच्या ‘रामायण’ मालिकेच्या घरगुती कॅसेटवर मध्ये जाहिरात किंवा बातम्यांचा तुकडा आला, तर तो कापू नये. मालिका अन्यत्र मिळेल, तो तुकडा मिळणार नाही.

लग्नाच्या कॅसेटबाबतही असाच विवेक हवा. त्या काळच्या मिक्सिंगमध्ये मंगलाष्टकांवर, वाजंत्रीवर आणि पाहुण्यांच्या बोलण्यावर चित्रपटगीते चढवली जात, त्यामुळे घरात जपलेल्या प्रतीत आजी-आजोबा दिसतात पण त्यांचा आवाज ऐकू येत नाही. शूटिंग करणाऱ्याकडे किंवा एखाद्या नातलगाकडे कच्ची मास्टर कॅसेट राहिली असेल, तर ती चित्राने थोडी खराब असली तरी तीच आधी उतरवावी.

पावसाळ्यात दमट कपाटात राहिलेल्या फितीच्या गुंडाळीवर कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून पांढरे ठिपके दिसले, तर ती बुरशी असते आणि अशी कॅसेट यंत्रात घातल्यास हेड खराब होऊन बुरशी पुढच्या कॅसेटवरही जाते. ती जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. चांगली कॅसेटही आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे फिरवून घ्यावी, म्हणजे ताण सारखा होतो, आणि कडेची प्लॅस्टिकची टिकली तोडून टाकावी, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जात नाही.

उतरवताना फाइल लहान व्हावी म्हणून एक फील्ड टाकून देण्याची पद्धत सोयीची वाटते, पण तिने हालचालीचा निम्मा भाग कायमचा जातो. डीव्ही स्वरूपात एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते आणि आजच्या हार्ड डिस्कच्या किमती पाहता ती फार नाही. मूळ प्रत तशीच ठेवून मोबाइलसाठी लहान प्रत वेगळी काढावी. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, ते कमी करता येत नाहीत, आणि त्या वेळात घरातील वडीलधाऱ्यांना पडद्यासमोर बसवून कोण कुणाचे, गाव कोणते, साल कोणते हे विचारून त्याच फोल्डरमधील साध्या मजकूर-फाइलमध्ये मिनिटांच्या नोंदीसह लिहून ठेवता येते.