राउटरची दिंडी

आमच्या घरीं इंटरनेटचा वेग किती, असें कोणीं विचारलें तर परवांपरवांपर्यंत आम्ही मोठ्या तोऱ्यानें "सेकंदास ३०० मेगाबिट" असें उत्तर देत असूं. पैसे ३०० चे भरतों, तेव्हां वेगहि ३०० चाच असणार, हा आमचा सरळ व्यवहारी हिशेब. एके दिवशीं चिरंजीवांनीं लॅपटॉपवर त्या वेगाची मोजणी करून पाहिली आणि आंकडा उमटला ९४! सायंकाळीं पाहिलें, ९४. भर पहांटे चार वाजतां, सारी सोसायटी निद्राधीन असतां पाहिलें, तरी ९४. वस्तुतः या हट्टी आंकड्यांतच रोगाचें निदान होतें. गर्दीमुळें वेग घटता तर तो सायंकाळीं एक आणि पहांटे दुसरा दिसता. नेहमीं एकाच ठिकाणीं येऊन थांबणारा आंकडा वाटेंत कोठें तरी भिंत आहे असें सांगत होता. परंतु तेवढें शहाणपण त्या वेळीं आम्हांस कोठचें?

कंपनीकडे तक्रार गुदरली. एक तरुण कारागीर आला, त्यानें भिंतीवरील फायबरची पेटी तपासली आणि म्हणाला, "काका, आमच्याकडून पुरे ३०० येत आहेत." हें उत्तर आम्हांस उर्मटपणाचें वाटलें. अकरा महिने ज्यादा पैसे घेऊन वर हें ऐकवावें! आम्हीं त्यास चार शब्द सुनावले. ते येथें छापण्याजोगे नाहींत, पण आमच्या चांगले स्मरणांत आहेत. तो बिचारा कांहीं न बोलतां जिना उतरला. आठवड्यानें तोच पुन्हां आला, तो आपला लॅपटॉप बरोबर घेऊनच. पेटीस त्यानें तो थेट जोडला. आंकडा आला २९० च्या घरांत. मग मध्यें आमचा राउटर घातला, आंकडा ९४.

"काका, या राउटरचें खोकें आहे का हो?" त्यानें विचारलें. आमच्या घरीं कोणतेंहि खोकें टाकून देण्याची चाल नाहीं; माळ्यावरून तें खालीं आलें. दर्शनी बाजूस हाताएवढ्या आंकड्यांत १२०० असें छापलेलें होतें. मागल्या बाजूस, चष्मा लावूनहि कष्टानें वाचावें इतक्या बारीक अक्षरांत, केबल खोंचण्याच्या खांचांविषयीं, म्हणजे ज्यांस पोर्ट म्हणतात त्यांविषयीं, "१०/१००" एवढाच मजकूर होता.

हे १२०० म्हणजे काय, याचा उलगडा आम्हीं मागाहून करून घेतला. अशा राउटरांत दोन निरनिराळे बिनतारी पट्टे असतात. एकाची कागदावरील कमाल ३०० आणि दुसऱ्याची ८६७ मेगाबिट. दोहोंची बेरीज ११६७, ती गोळाबेरीज करून १२०० झाली. एकच फोन एका वेळीं साधारणतः एकाच पट्ट्यावर बसतो, तेव्हां ही बेरीज कोणाच्याच पदरीं पडत नाहीं. परंतु तो दोष गौण होय. मुख्य गोष्ट ही कीं, बाहेरून येणारें सारें इंटरनेट राउटरांत शिरतें तें एका पोर्टांतून, आणि आमच्या राउटरचें तें पोर्ट सेकंदास १०० मेगाबिटपेक्षां अधिक घेऊंच शकत नव्हतें. जुन्या वाड्यांचे दरवाजे अंबारीसह हत्ती जाईल एवढे असत, पण ते बंद असून नुसती दिंडी उघडी असली म्हणजे एकेका माणसानें वांकूनच आंत शिरावें लागे. आमच्या राउटरनें हत्तीचा दरवाजा खोक्यावर रंगविला होता आणि प्रत्यक्षांत दिंडी तेवढी ठेविली होती.

मग १०० चे ९४ कां? तर केबलमधून माहिती लहान लहान पाकिटांनीं जाते. दर पाकिटांत फार तर १४६० बाइट मजकूर मावतो, आणि त्यावर पत्ता, शिक्का व दोन पाकिटांमधील मोकळी जागा मिळून ७८ बाइटांचा खर्च पडतो. म्हणजे १५३८ तले १४६० कामाचे, शेंकडा ९५. आणखी किरकोळ नोंदी धरल्या कीं ९४ उरतात. याच हिशेबानें १००० मेगाबिटच्या, म्हणजे गिगाबिट पोर्टावर आंकडा ९४० च्या आसपास येतो. तेव्हां मोजणींत ९४ दिसले कीं त्या वाटेवर कोठें तरी १०० ची दिंडी आहे, असें जवळजवळ निश्चित समजावें.

असली अरुंद पोर्टें ठेवतात तरी कां, हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनीं विचारला, आणि तो रास्त आहे. या केबलची पद्धति, जिला ईथरनेट म्हणतात, ती रॉबर्ट मेटकाफ यांनीं १९७३ सालीं अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत योजिली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्यानें उभी केली. १९८३ सालीं तिचें १० मेगाबिटचें प्रमाण ठरलें, १९९५ सालीं १०० चें आणि १९९९ सालीं तांब्याच्या साध्या केबलवर १००० चें. आतां योगायोग पाहा. ज्या १९९५ सालीं १०० चें प्रमाण ठरलें, त्याच वर्षीं १५ ऑगस्ट रोजीं विदेश संचार निगमानें हिंदुस्थानांत सामान्य जनतेस इंटरनेट खुलें केलें, तें टेलिफोनच्या तारेवरून, कूर्मगतीनें. २००४ सालच्या सरकारी धोरणांत सेकंदास २५६ किलोबिट वेगास 'ब्रॉडबँड' ही पदवी होती. त्याच्यापुढें १०० मेगाबिटचें पोर्ट सुमारें चारशें पट रुंद! पुढें टेलिफोनच्या तारेवरील सामान्य घरगुती जोडणीची मजलहि फार तर २४ मेगाबिटपर्यंतच. सारांश, बाहेरची वाट निरुंद आणि घराचें दार ऐसपैस, अशी स्थिति इतकीं वर्षें होती कीं दाराकडे पाहण्याची संवय कोणासच लागली नाहीं. नंतर फायबर आलें. त्याच्या प्रचलित पद्धतींत कांचेच्या एका तंतूंतून २४८८ मेगाबिट येतात आणि ते अनेक घरांत वांटले जातात. वाट रुंदावली, दार तेवढेंच राहिलें. आणि गिऱ्हाईक खोक्याचा दर्शनी आंकडा पाहून वस्तु उचलतें, हें बनविणारे पुरतें ओळखून आहेत.

मात्र हें वाचून कोणी लगेच दुकानाकडे धांवूं नये. आमच्या मजल्यावरील एक वृद्ध काकू नव्या राउटरविषयीं विचारूं लागल्या. त्यांचें काम म्हणजे दूरदेशींच्या लेकीशीं रोज बोलणें आणि रात्रीं एखादी मालिका पाहणें. चित्रसंभाषणास चार-पांच मेगाबिट पुरतात, आणि अति स्पष्ट अशा 'फोर-के' चित्रपटासहि फार तर २५. त्यांस १०० ची दिंडीहि राजवाड्याचा दरवाजा आहे. लेकीचें चित्र मधूनच गोठतें तें त्यांचा राउटर दोन जाड भिंतींपलीकडे, कपाटाच्या मागें ठेविल्यामुळें. तो बैठकीच्या खोलींत, उंचावर आणून ठेवा, एवढेंच आम्हीं सुचविलें. त्यांचे पैसे वांचले आणि चित्र गोठणेंहि थांबलें.

आमची गोष्ट निराळी. वडिलांच्या काळचीं छायाचित्रें आणि घरगुती चलच्चित्रें आम्हीं एका जाळेजोड तबकडीवर सांठविलीं आहेत. त्यांचा पसारा सुमारें ४०० गिगाबाइटांचा. ती तबकडी आणि संगणक हीं दोन्हीं राउटरच्याच पोर्टांत जोडलेलीं. त्यांची एक प्रत करून ठेवूं म्हटलें तर बाहेरच्या इंटरनेटचा येथें कांहींच संबंध नाहीं, माल घरचा आणि नेणें घरांतल्या घरांत. तरीहि १०० च्या पोर्टांतून जवळजवळ दहा तास लागत. अर्ध्यावर वीज जाई आणि आम्ही तो नाद सोडून देत असूं. छायाचित्रें वर्षभर एकाच तबकडीच्या भरंवशावर राहिलीं, तीं या आळसापायीं.

शेवटीं नवा राउटर आणिला. या खेपेस खोकें आधीं उलटें करून वाचलें. दुकानदार ३००० च्या आंकड्यावर बोट ठेवीत होता. त्याचींहि पोर्टें गिगाबिटचींच, म्हणजे तोच प्रकार मोठ्या आंकड्यांनीं. परंतु ३०० च्या जोडणीस गिगाबिट भरपूर झालें, म्हणून आम्हीं त्याहून स्वस्तांतला गिगाबिटचाच राउटर घेतला. अडीच गिगाबिटचीं पोर्टें २०१६ पासून प्रमाणित आहेत; ज्यांची जोडणीच गिगाबिटच्या पुढची आहे त्यांनीं त्यांचा विचार करावा.

नवा राउटर बसला, बैठकींत २९० दिसूं लागले, पण चिरंजीवांच्या खोलींत केबलवर पुन्हां तेंच ९४! संगणकाच्या जोडणीच्या माहितींत वेगाची नोंद असते. तेथें स्पष्ट १०० लिहिलेलें. कंपनीकडे कळविलें तों नेमका तोच तरुण आला. आम्हीं ओशाळून बाजूस उभे राहिलों. त्यानें केबल हातांतून सरकवीत दारापर्यंत नेली. चौकटीपाशीं ती दाराच्या फटींत चेंगरलेली होती. तो सांगूं लागला, "काका, आंत आठ तारा असतात, चार जोड्या. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारी लागतात. एक तार तुटली तरी दोन्हीं बाजूंचीं यंत्रें मुकाट्यानें १०० वर येतात. बंद पडत नाहींत, म्हणून कोणास कळत नाहीं." त्यानें चेंगरलेला भाग कापून टाकिला, नवें टोंक दाबून बसविलें. आंकडा आला २८८.

मग आम्हीं त्यास आग्रहानें बसवून घेतलें, सौभाग्यवतींनीं चहा व पोहे पुढें ठेविले, आणि त्या दिवशींचे आमचे चार शब्द आम्हीं परत घेतले.

"राहूं द्या हो काका," बशी हातांत घेत तो म्हणाला, "रोज एखाद्या तरी घरीं ऐकावेंच लागतें."